टॉवेल कारखान्यात ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ योजना सुरू करावी का?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील आमच्या घरच्या टेरी टॉवेल कारखान्याचा कारभार अलीकडेच माझ्याकडे आला आहे. विणकर, जॉबर (मागांची दुरुस्ती-देखभाल करणारे), वार्पिंगवाले (ताणा म्हणजे उभे धागे तयार करणारे) आणि शिलाई-घडीच्या महिला मिळून साठेक माणसे आहेत. मजुरी बहुतेकांची नगावर असून दिवाळीचा बोनस वेळेवर दिला जातो. तरीही आपल्या कामाची कोणी दखल घेत नाही, हे जुन्या कामगारांच्या बोलण्यातून अधूनमधून जाणवते. म्हणून दरमहा सर्वाधिक उत्पादन काढणाऱ्याला रोख बक्षीस द्यावे आणि त्याचा फोटो फलकावर लावावा, असा माझा विचार आहे. वडिलांच्या मते वर्षातून एकदा टॉवेल-टोपी देऊन सर्वांचाच सत्कार केला की पुरे. (टॉवेल विणणाऱ्याच्याच खांद्यावर टॉवेल टाकायचा, हे मला जरा विचित्र वाटते.) जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1 : निवृत्त कार्मिक अधिकारी, सूतगिरणी

बोनसचा उल्लेख आपण कौतुकाच्या ओघात केला आहे, तो आधी बाजूला काढावा. 1965 च्या बोनस कायद्याने किमान बोनसची रक्कम, कारखान्याला नफा होवो वा न होवो, देणे बंधनकारक केले. तेव्हापासून कामगाराच्या लेखी तो हक्क आहे, शाबासकी नव्हे.

आता सर्वाधिक उत्पादनाविषयी. एकाच पाळीत शेजारशेजारच्या मागांवर सारख्याच कसबाची दोन माणसे उभी असतात. एकाच्या मागावर चांगल्या सुताचा बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) चढलेला असतो, दुसऱ्याच्या मागावर कच्चे सूत आलेले असते आणि तो पाळीभर तुटलेली तार जोडत राहतो. नगावर मजुरी असल्यामुळे पहिल्याच्या हाती जास्त पैसे पडतातच. वर बक्षीसही त्यालाच मिळाले, तर दुसऱ्याने कच्च्या सुतावर निभावून नेलेले काम कोणाच्याच हिशेबात येणार नाही, आणि खरी कारागिरी तर तिथेच असते. शिवाय आकड्यामागे लागल्यावर सेकंड (सदोष) माल वाढतो, तो भुर्दंड वेगळाच. जॉबरचे आणि वहिफणीवाल्याचे (ताण्याचे धागे मागाच्या वही-फणीतून ओवणाऱ्याचे) काय? त्यांचे काम नगात मोजताच येत नाही.

म्हणून बक्षिसाची घाई न करता आपल्या मास्टरला (पाळीवर देखरेख करणाऱ्याला) एवढेच सांगावे, की जे चांगले दिसले ते त्याच पाळीत, त्या मागापाशी जाऊन, नेमके काय चांगले झाले हे शब्दांत सांगून यावे. ‘छान चाललंय’ एवढ्याने भागत नाही.

प्रतिसाद 2 : शिलाई व तपासणी विभागातील कर्मचारी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आमच्या कारखान्यात एकदा निर्यातीचा माल शिवताना मशीनची सुई तुटली. तुकडे जुळवून पाहिले, तर टोकाचा बारीकसा भाग सापडेना. आमच्यातील एका ताईंनी त्या गठ्ठ्यातील प्रत्येक टॉवेलची दुमड बोटांनी चाचपत तो शोधून काढला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले, तो तुकडा ग्राहकाच्या हाती लागला असता तर सगळी खेप परत आली असती हे त्यांनी सर्वांसमोर समजावून सांगितले, आणि तेही तेलुगूत, कारण आमच्यातील बहुतेकींची घरची भाषा तीच आहे. पुढे नव्या मुलींना तपासणी शिकवण्याचे काम त्या ताईंकडे आले आणि त्यांचा रोजही वाढला. फलकावर कोणाचाही फोटो लागला नाही. एक विनंती मात्र आहे: फोटो लावायचाच असेल, तर आधी त्या व्यक्तीला विचारावे. कित्येकींना ते अवघड वाटते.

प्रतिसाद 3 : व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना पैसे दिले, तेव्हा पैसे बंद होताच त्यांचा कोड्यांतील रस कमी झालेला दिसला. तोंडी शाबासकी मिळालेल्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. रोख बक्षिसाची प्रथा पाडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद 4 : यंत्रमाग कामगार

प्राध्यापक महोदय, ते विद्यार्थी कोडी सोडवत होते. आम्ही घरभाडे आणि मुलांची फी भागवण्यासाठी माग चालवतो. नुसत्या शब्दांनी काम साधते असा अर्थ मालकवर्गाने यातून काढू नये. प्रतिसाद 2 मधील ताईंचा रोज वाढला, ही गोष्ट त्या हकिगतीत महत्त्वाची आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मासिक बक्षिसाचा विचार सोडून देत आहे. कच्च्या सुताचा बीम आल्यास त्या विणकराला नगामागे वाढीव दर द्यावा, आणि जॉबर व तपासणीच्या कामासाठी कौशल्यानुसार रोजाच्या पायऱ्या ठरवाव्यात, असे वडिलांशी बोलून ठरवतो आहे. आमच्या एका जुन्या वहिफणीवाल्या काकांचा जाहीर सन्मान व्हावा, असे मात्र मनापासून वाटते. त्यासाठी काही मार्ग आहे का?

प्रतिसाद 5 : निवृत्त कार्मिक अधिकारी, सूतगिरणी

आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगार पुरस्कार देते. आपला कारखाना मंडळाची वर्गणी भरतो का, हे आधी पाहावे आणि चालू वर्षाच्या अटी सोलापुरातील कामगार कल्याण केंद्रात विचारून घ्याव्यात. अर्जात कामाबरोबरच सामाजिक कार्याचीही माहिती लागते, ती काकांकडून आताच लिहून घ्या. जुनी कागदपत्रे गोळा करण्यातच बराच वेळ जातो.