ताळेबंदातील ‘मौज’

सदनिका ३०१ : सर्वांना नमस्कार. वार्षिक ताळेबंदात शिमग्याचा खर्च ‘मौज’ या शीर्षकाखाली दाखवलेला पाहिला. ज्या पालखीसाठी आपण फाटकात रांगोळी घालून, नारळ आणि ओटी घेऊन ताटकळलो, तिच्या स्वागताला मौज म्हणायचे असेल, तर उद्या आरतीलाही करमणूक म्हणता येईल. कृपया शीर्षक बदलावे.

सचिव : अण्णा, मौज म्हणजे थिल्लरपणा नव्हे. शिमग्याच्या खेळ्यांतले संकासुराचे सोंग पोरांच्या मागे धावते तेव्हा आपण हसतो, तेही देवाच्याच नावाने.

सदनिका १०४ : शब्दाचे मूळ पाहिले तर वाद निवळेल. अरबीत ‘मौज’ म्हणजे लाट, आणि फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला. आपली ‘लहर’सुद्धा आधी पाण्यावर उठते आणि मग मनात. ‘मजा’ मात्र फारसीत चवीशी निगडित, म्हणून मजा स्वतःच चाखावी लागते, मौज नुसती बघताही येते.

सदनिका ३०१ : काकू, माहितीबद्दल आभार. शीर्षक बदलावे.

सदनिका २०३ : बघण्याचाच विषय निघाला म्हणून लिहिते. गच्चीवरची टाकी वाहत होती, तेव्हा कमिटी नेमकी हीच मौज बघत होती.

सचिव : वहिनी, टाकीचे सभेत बोलू. रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करायला मीच गेलो होतो, आणि त्यात मला कोणतीही मौज वाटली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सदनिका ३०१ : ‘गावी मौज वाटली’ हे निराळे आणि ‘मौजमजेत पैसा गेला’ हे निराळे. पहिल्यात नवल आहे, दुसऱ्यात उधळपट्टीचा ठपका. लेखापरीक्षक दुसराच अर्थ घेणार. म्हणून शीर्षक बदलावे.

सदनिका ४०२ : मग सरळ ‘शिमगा’ लिहा. अर्थात ‘कमिटीचा शिमगा’ असे कोणी वाचले तर बोंब आमच्या नावाने नको. शिमगा गेला, कवित्व मात्र या ग्रुपवर जोरात आहे.

खजिनदार : ‘पालखी स्वागत’ आणि ‘करमणूक’ अशा दोन नोंदी करतो. मंडपाचे भाडे कोणत्या नोंदीत घ्यावे?

सदनिका ३०१ : अर्थातच पालखी स्वागतात.

सदनिका २०३ : पालखी गेल्यावर त्याच मंडपात पहाटेपर्यंत पत्ते कोण खेळत होते, तेही मग त्याच नोंदीत येऊ द्यावे, अण्णा.