मदत हवी आहे: सकाळ आणि दुपार सत्रांतील शिक्षकांमधला दुरावा कसा कमी करावा?

सर्वांना नमस्कार. इंदूरमध्ये राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या खासगी शाळेत मी समन्वयक म्हणून काम पाहते. प्राथमिक विभाग सकाळी आणि माध्यमिक दुपारी भरत असल्यामुळे एकच स्टाफरूम वापरणाऱ्या शिक्षकांची गाठ फक्त सत्र बदलण्याच्या घाईत पडते, आणि तेवढ्या वेळात बोलणे होते तेही बहुधा कपाटाच्या किल्ल्या किंवा न पुसलेला फळा यांवरूनच. पाचवीच्या मॅडमना एखाद्या मुलाची जी अडचण वर्षभर ठाऊक असते, ती सहावीच्या सरांना दिवाळीनंतर कळते.

वाढदिवसाचा केक, शिक्षक दिनाचे खेळ, मांडूची सहल हे सगळे करून झाले आहे. पोहे-जिलबीला इंदुरात कोणीही नाही म्हणत नाही, परंतु बशा घेऊन मंडळी आपापल्या सत्राच्या घोळक्यातच उभी राहतात. त्यातही आम्ही मराठी बोलणारे नकळत वेगळे पडतो आणि हिंदीभाषक सहकारी बाजूला राहतात.

माझ्या मते नाराजीचे मूळ अरेंजमेंटच्या वहीत आहे. कोणी रजेवर असले की त्यांचा तास ज्यांना नकार देता येत नाही अशा ठरावीक दोघा-तिघांच्याच वाट्याला येतो आणि त्याचा हिशेब कोणालाच दिसत नाही. ही वही भिंतीवर उघड लावावी, असे मी सुचवले आहे. प्राचार्यांना मात्र त्यामुळे तुलना आणि वाद वाढतील असे वाटते. वाद आजही होतातच, फक्त ते पाठीमागे होतात.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याला किमान ४५ तास धरलेले असून त्यांत तयारीचे तासही येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षित आहेत. हे तास बाहेरच्या वक्त्यांच्या भाषणांत घालवण्यापेक्षा पाचवी आणि सहावीच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसण्यासाठी आणि त्यानंतर मुलांविषयी बोलण्यासाठी वापरावेत, असा माझा विचार आहे. मात्र लहान मुले घरी असलेल्या शिक्षिकांना सत्र संपल्यावर थांबवणे मला पटत नाही, आणि रविवार मागणे तर मुळीच नाही.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत आपण काम केले असल्यास कृपया सांगावे: वेळापत्रकात दोन्ही विभागांना सामाईक असा तास आपण कोठून काढला, आणि त्या काळात वर्ग कोणी सांभाळले? वर्गात बसणारे सहकारी 'तपासणीला आले आहेत' असे वाटू नये म्हणून सुरुवात कोणाच्या वर्गापासून केली? अरेंजमेंटची वही उघड ठेवणारी शाळा आपल्या माहितीत असेल, तर त्या वहीतील रकाने कसे आखले आहेत तेवढे कळवले तरी मला प्राचार्यांपुढे काही ठोस मांडता येईल.