मदत हवी आहे: मासेबंदी ते गणपती, कमी भात-भाकरीचं जेवण खिशाला कसं बसवायचं?

मे लागला, आगोटीच्या (पावसाळ्याआधी करायच्या साठवणीच्या) याद्या सुरू झाल्या आणि माझं गणित इथेच अडलंय.

आम्ही दापोली तालुक्यातले. घरात मी, हे, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. फेब्रुवारीत ह्यांची तीन महिन्यांची साखर ९.१ निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या सुरू केल्या. शहरातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी कर्बोदकं दिवसाला ७० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आणि एक कागद दिला. त्यावर बदामाचं पीठ, ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकॅडो. आमच्या बाजारात अ‍ॅव्होकॅडो मागितला तर दुकानदाराने मलाच विचारलं, कशावरचं औषध ते?

पहिल्या महिन्यात किराणा साडेसात हजारांवरून साडेअकरावर गेला. अर्धा किलो बदामाचं पीठ सहाशेला आणलं. त्याच्या भाकऱ्या तव्यावरच मोडल्या, शेवटी चमच्याने खाल्ल्या. तो कागद मग फ्रिजवरून काढून टाकला.

मार्च-एप्रिल तारलं ते माशांनी. हर्णै बंदरात संध्याकाळचा माशांचा लिलाव उरकला की बाहेर वाटे लागतात. सुरमई-पापलेटकडे बघायचंच नाही. बांगडे, तारल्या, मांदेली. बाकी दुधी, पडवळ, ताक. परसात सहा माड आहेत, त्यामुळे खोबऱ्याला पैसे नाहीत. खर्च साडेआठवर आला, ह्यांचं पोटही भरतं. (समोर हापूसच्या पेट्या भरल्या जातायत आणि माणूस दुधी खातोय, हे बघवत नाही ते वेगळं.)

आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. त्यानंतर श्रावण. आमच्याकडे श्रावणात अंडंसुद्धा घरात येत नाही, ते थेट गणपती जाईपर्यंत. भाजी घाटावरून येते, पावसात तीही महागते. म्हणजे तीन महिने पनीर आणि बदाम? ते परवडणार नाही. एका घरात दोन चुली करायचाही आता कंटाळा आलाय.

सध्या ह्यांना भाताऐवजी नाचणीच्या दोन भाकऱ्या देते आणि मधल्या वेळेला मूठभर काजू, घरचेच आहेत. न्याहारीला फक्त दोन अंडी. परवा अकराच्या सुमाराला ह्यांचे हातपाय कापले, घाम फुटला, पण तो उपासामुळे असावा.

आगोटीला काय भरून ठेवू?

खाडीपलीकडचा: सुकी मासळी भरा, अजून काय! जवळा आणि बोंबील आत्ताच घ्या, जूनमध्ये भाव चढतो. किलोचा दर ऐकून दचकू नका, त्यात पाणी नसतं. सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं असतं. आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात भरा. सोड्यांच्या (सुक्या कोलंबीच्या) नादाला लागू नका, ते पाहुण्यांसाठी. खारा बांगडा मात्र रक्तदाब असेल तर बेतानेच.

तिखटमीठ: ताई, नाचणीबद्दल गैरसमज आहे तो आधी काढा. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात कर्बोदकं सत्तरच्या आसपास, तांदळात अठ्ठ्याहत्तर. तंतू आणि कॅल्शियमसाठी नाचणी उत्तमच, पण दोन मोठ्या भाकऱ्यांत तुमचे ७० ग्रॅम संपले. काजूसुद्धा १०० ग्रॅमला तीस. ते विका आणि त्या पैशात शेंगदाणे घ्या.

श्रावणासाठी सोयाबीनच्या वड्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रथिनं, आणि पनीरच्या मानाने किती स्वस्त! भिजवून घट्ट पिळा, मग वाटपाच्या रश्श्यात टाका. सासूबाईंना आधी नाव सांगू नका. कुळथात कर्बोदकं बरीच, तरी पातळ पिठीला माणशी दोन चमचे पीठ पुरतं, तेवढी चालेल. आणि पावसाळ्यात भाजी विकत कशाला घेता? टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी सड्यावर फुकट आहे. भारंगी उकडून पाणी टाका, नाहीतर कडू लागते. परसात पडवळ-शिराळी आत्ताच लावा.

माडाखाली: सगळे जेवणावर बोलताय, ते हातपाय कापल्याचं कुणी वाचलं का? तो उपास नाही. ग्लिमेपिराइड शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही भात खा किंवा नका खाऊ. जेवणातला भात काढला आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर खाली येणारच. माझ्या वडलांना याच कारणाने रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पुन्हा असं झालं तर लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच फोन करा. भात बंद केलाय हे त्यांना ठाऊक आहे का?

धागाकर्ती: ठाऊक नव्हतं. आहारतज्ज्ञ वेगळ्या, डॉक्टर वेगळे, आणि मधे मी. काल साडेअकराला मोजली तर ६४. साखरपाणी दिलं, फोन केला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मं केलं आणि आठवडाभर रोज दोनदा मोजून कळवायला सांगितलंय. माडाखाली, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

नाचणीचं सासूबाईंना सांगितलं. "मग आम्ही जन्मभर खाल्ली ती काय?" म्हणाल्या आणि माजघरात निघून गेल्या. आता एकच भाकरी, तीही लहान. दीड किलो जवळा आणि दोन किलो बोंबील सांगून आलेय, रविवारी अंगणात वाळत घालीन, मांजरांची राखण मुलाकडे. काजूही विकायला काढले.

तिखटमीठ, टाकळ्यात तुम्ही वाल घालता की नुसता कांदा-खोबरं? आमच्याकडे वालाशिवाय होतच नाही, आणि आता वालही मोजावे लागणार.