मदत हवी आहे: टेरेसला कुलूप, टाकीपर्यंत जाता येत नाही

प्रतापनगरवासी:
नागपुरात प्रतापनगरला आमच्या बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट. सगळ्यात वरच्या मजल्यावाल्याने टेरेसवर टिनाचं शेड टाकलं आणि जिन्याच्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं. म्हणतो, बिल्डरला पैसे देऊन टेरेस घेतली आहे. पाण्याच्या टाक्या वरच आहेत. काल व्हॉल्व्ह अडकला तेव्हा हा बाहेरगावी. भर मे महिन्यात दिवसभर कूलर कोरडा, घरात आई ७८ वर्षांची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून झालं, तो ऐकत नाही. कायद्याने काय करता येईल? लवकर सांगा.

जुना_सेक्रेटरी:
सोपं आहे. उपनिबंधकाकडे (सहकारी संस्थांवर देखरेख करणारा सरकारी अधिकारी) तक्रार करा, नाहीतर सहकार न्यायालयात कलम ९१ खाली दावा लावा. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत असंच केलं.

वैदर्भी:
थांबा जी. नागपुरात बहुतेक बिल्डिंगा सोसायटी नसतातच. इथे अपार्टमेंट डीड (प्रत्येक फ्लॅटचा वेगळा मालकी दस्त) होते, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खाली. कलम ९१ हे १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातलं, ते तिथे चालणार नाही. धागाकर्ते, तुमच्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट?

प्रतापनगरवासी:
सोसायटी आहे म्हटलं ना. दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, पावती मिळते.

वैदर्भी:
पावतीवरून कळत नाही भाऊ. रजिस्ट्रीचा कागद काढा, वर काय लिहिलंय ते वाचून सांगा. सगळं त्यावर आहे.

मनीषनगर_४४:
कायदा नंतर. कुलूप तोडा, आपलं लावा, चावी सगळ्यांना द्या. आम्ही तेच केलं, एका दिवसात निकाल.

वैदर्भी:
असा सल्ला देऊ नका. आत त्याचं सामान असेल तर उद्या तोच पोलीस स्टेशनात जाईल, चोरी झाली म्हणेल. मग १२ फ्लॅटचा मुद्दा बाजूला राहील.

मनीषनगर_४४:
आणि म्हातारी बाई तहानेली राहील त्याचं काय? तुमच्या तारखा पडतील तोवर दिवाळी येईल.

पार्किंगग्रस्त:
बिल्डर सामाईक जागा विकूच शकत नाही! सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्टिल्ट पार्किंगबद्दल (खांबांवरच्या बिल्डिंगखालची जागा) हेच सांगितलं. आमच्याकडेही बिल्डरने पार्किंग विकली, माझी गाडी तीन वर्षं रस्त्यावर. कोणी असा दावा जिंकलाय का?

वैदर्भी:
तो निकाल १९६३ च्या मोफा कायद्यावरचा (बिल्डरने फ्लॅट विकण्याबाबतचा राज्याचा कायदा) आणि पार्किंगचा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गारवा:
टेरेसवर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग करून घ्या, खालच्या खोल्यांत लगेच फरक पडतो. काही कोटिंग वॉटरप्रूफिंगचंही काम करतात.

प्रतापनगरवासी:
मला रंग नको, चावी पाहिजे.
कागद काढला. ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असंच लिहिलंय, १९९८ चा. सामाईक जागेत माझा अविभक्त हिस्सा ८.३३ टक्के. टेरेसचा शब्द माझ्या डीडमध्ये कुठेच नाही. म्हणजे हरलो का?

वैदर्भी:
नाही. डीड तुमच्या फ्लॅटपुरतं असतं. बिल्डरने त्याआधी नोंदवलेलं डीड ऑफ डिक्लेरेशन (पूर्ण बिल्डिंगचा घोषणापत्र दस्त) बघा, दुय्यम निबंधकाकडून (दस्त नोंदणी कार्यालय) त्याची प्रमाणित नक्कल मिळते. सामाईक जागांची यादी आणि बाय-लॉज (बिल्डिंगचे अंतर्गत नियम) त्यातच असतात. डिक्लेरेशनमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर छत कायद्याने सामाईकच. मात्र ‘मर्यादित सामाईक जागा’ म्हणून टेरेस त्या एका फ्लॅटला राखून दिली असेल तर मामला अवघड होतो. तसं नसेल तर त्याने बिल्डरला काय दिलं हे त्याचं आणि बिल्डरचं. तुमचा हिस्सा सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही.
बाय-लॉज मोडले तर १९७० च्या त्याच कायद्याच्या कलम ७ खाली दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. फ्लॅटमालकांची असोसिएशन मागेमागे करत असेल तर योग्य प्रकरणात एकटा फ्लॅटमालकही जाऊ शकतो. टाकीचा रस्ता मोकळा करण्यासाठी अंतरिम अर्ज (निकालाआधी तात्पुरत्या आदेशासाठी) सोबतच द्यायला सांगा वकिलाला. पाण्याचा प्रश्न आहे, तारीख लवकर मागता येते.

जुना_सेक्रेटरी:
मान्य, अपार्टमेंटचं मला माहीत नव्हतं. पण शेडचा मुद्दा वेगळा. मंजूर नकाशात ते नसेल तर महापालिकेच्या लक्ष्मीनगर झोनला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ५३ खाली बेकायदा बांधकाम काढण्याची नोटीस निघू शकते. नकाशा महापालिकेने मंजूर केलाय की नागपूर सुधार प्रन्यासने ते आधी बघा, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहील.

मनीषनगर_४४:
आणि आज रात्री पाणी कुठून आणायचं?

प्रतापनगरवासी:
शेजारच्या बिल्डिंगमधून बादल्या आणल्या, आईचा कूलर सुरू झाला. उद्या नकलेसाठी अर्ज टाकतो. डिक्लेरेशन बिल्डरने नोंदवलंच नसेल तर?

वैदर्भी:
तुमच्या डीडमध्ये त्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख असायला पाहिजे. पहिली दोन पानं पुन्हा वाचा, इथे टाका. आणि त्या माणसाला व्हॉल्व्हपुरती एक चावी वॉचमनकडे ठेवायला आजच व्हॉट्सॲपवर लिहा, बाकी ११ जणांच्या ग्रुपमध्ये. नाही म्हणाला तर तेही लेखी राहील.