मागच्या वेळी नुसती चितळं बघून आलो, यंदा गाडी घेऊन परत जातोय, काय चुकलं होतं?

मधली_सीट:
नमस्कार मंडळी. सुट्टीत परत अभयारण्यात जायचं ठरतंय. स्वतःची गाडी, आम्ही दोघं, दोन मुलं (9 आणि 6) आणि सासूबाई. मागच्या वेळी पाऊस संपल्या संपल्या ऑक्टोबरात गेलो होतो, तीन सफाऱ्या केल्या आणि तिन्हीत मिळून चितळ, चितळ आणि एक पाठमोरा मोर. धाकट्याने तर तिसऱ्या फेरीत "अजून एक चितळ दिसलं तर मी रडेन" असं जाहीर केलं, मग दिसलं, मग रडला. पुढच्या जिप्सीवाल्यांना म्हणे वाघीण दिसली, आम्ही पोचलो तर नुसतं गवत हलत होतं, ते पण वाऱ्याने असेल.

तर प्रश्न असा की नशीब सोडून आपल्या हातात काही असतं का? मे महिन्यात जाऊ का? दुर्बीण घ्यायची आहे, ऑनलाईन एक 20 पटवाली बघून ठेवलीये. आणि अहोंचा प्लॅन असा की निघायचंच उशिरा, म्हणजे जंगलातला रस्ता अंधार पडल्यावर लागेल आणि वाटेतच काहीतरी दिसेल. बरोबर आहे का हे?

पाऊलखुणा:
ताई, चुकलं काही नाही, महिना चुकला. ऑक्टोबरात गवत पुरुषभर असतं आणि पाणी जिकडेतिकडे, मग जनावर रस्त्यालगतच्या पाणवठ्यावर येईलच कशाला? त्याला हवं ते आत झाडीतच मिळतं. एप्रिल-मेमध्ये पानं गळालेली असतात, नाले आटतात, उरलेल्या दोन-चार पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं, आणि वाघ तर दुपारचा पाण्यात मागचे पाय बुडवून बसलेला असतो. ऊन मरणाचं असतं, ते मात्र धरून चाला, सासूबाईंना सकाळचीच फेरी द्या.

दुसरं म्हणजे आपण सगळे डोळ्यांनी शोधतो आणि जंगलात आधी कान लागतात. गाईड गाडी बंद करून गप्प बसला की लोक चुळबुळ करायला लागतात, "चला ना पुढे", अरे तो कॉल ऐकतोय, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागली की बाकीची जनावरं ओरडून देतात तो इशारा! वानर झाडावरून खोक-खोक करतं, चितळ बारीक तीक्ष्ण आवाज काढतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि सांबर एकदम भोंग्यासारखं 'पोंक' करतं. यात चितळाचं फार मनावर घ्यायचं नाही, ते कशालाही घाबरतं. सांबराने पाय आपटत परत परत कॉल दिला की मात्र जागचं हलू नका. आणि वानर कुठे तोंड करून ओरडतंय ते बघा, तुम्हाला दिसत नसलं तरी त्याला वरून दिसत असतं. म्हणजे तुमच्या धाकट्याला ज्या चितळांनी रडवलं तीच खरी खबरी आहेत.

पुढच्या गाडीला दिसला म्हणून तिच्या मागे सुसाट जाण्यात काही अर्थ नसतो, तिथे दहा गाड्यांची गर्दी आणि जनावर केव्हाच पसार.

स्टेअरिंगवाला:
अहोंना सांगा, रात्रीचा प्लॅन रद्द. मनापासून सांगतोय. मी पण असाच शहाणपणा केला होता, आठ-साडेआठची वेळ, रस्ता मोकळा म्हणून ऐंशीने चाललो होतो, आणि उजवीकडून एक नीलगाय आली, ती गेली म्हणून मी परत ऍक्सिलरेटर दाबला तर तिच्या मागे दुसरी! गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि बंपरमध्ये हातभर अंतर होतं, बायको पुढचा तासभर एक शब्द बोलली नाही. हिशोब करून बघा, ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच वीस-बावीस मीटर संपले. चाळीसला तेच अर्धं.

तेव्हापासूनचे माझे नियम म्हणजे एक जनावर गेलं तर दुसरं येणार असं धरूनच थांबायचं, हॉर्न नाही, अप्पर मारायचा नाही कारण झोत डोळ्यावर आला की ते बिथरून जागीच उभं राहतं. लांबवर दोन चमकते ठिपके दिसले की ते डोळे आहेत असंच समजायचं. आणि गाडीतून उतरायचं नाही, फोटोसाठी तर अजिबातच नाही.

उगाच नाही कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातल्या हायवेवर 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतूक बंद. आणि पेंचला 44 नंबरच्या हायवेवर रस्ताच वर उचलून खालून जनावरांना वाट ठेवलीये, तिथल्या कॅमेऱ्यात वाघसुद्धा खालून जाताना दिसलेत. आपण वरून गाणी लावून जातो, पत्ताच नसतो.

उजेडात पोचा, हळू चला. दिसायचं ते उजेडातही दिसतं.

निवांत_माणूस:
20 पटवाली दुर्बीण घेऊ नका, हातात धरली की वाघाच्या जागी भूकंप दिसतो. 8x42 घ्या. 8 म्हणजे आठ पट मोठं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, तो मोठा असला की पहाटेच्या अंधूक उजेडातही बऱ्यापैकी दिसतं. मुलांना जड होत असेल तर 8x32. वापरायची घरीच सवय करा, नाहीतर प्राणी दिसल्यावर अर्धा वेळ फोकस शोधण्यातच जातो.

जाता जाता, स्वतःची गाडी व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, सहसा सोडत नाहीत, तिथली नोंदणी केलेली जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र ओरिजिनल न्या, बऱ्याच गेटवर मोबाईलही बाहेर ठेवायला लावतात. आणि आठवड्याची सुट्टी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती आधी बघा, आम्ही एकदा बंद गेटाचा फोटो काढून परत आलोय.

उंबराखाली:
सगळं ठीक आहे पण त्या पोरांना वाघाचं आमिष दाखवून नेऊच नका. रानकुत्र्यांची टोळी बघितलीये का कधी? अस्वल? गवा समोर उभा राहिला की जिप्सी खेळण्यातली वाटते. वाघ नाही दिसला म्हणून तोंड पाडून परतणारे लोक बघितले की मला चीड येते, हे माझं वैयक्तिक मत.

मधली_सीट:
@उंबराखाली, पटतंय, पण सहा वर्षांच्या पोराला कसं पटवू?

पाऊलखुणा:
त्याला ठशांचं काम द्या. सकाळी धुळीच्या रस्त्यावर टायरची रेघ आणि ठसा यांत वर कोण ते शोधायचं. ठशावरून टायर गेलेलं असेल तर तो जुना, टायरच्या रेघेवर ठसा उमटला असेल तर गाडी गेल्यानंतर तिथून कोणीतरी गेलंय, मग आख्खी जिप्सी गप्प बसते बघा. आणि नखं बघायची. वाघ, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात म्हणून ठशात फक्त बोटं आणि गादी उमटते, कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं दिसतात. अस्वलाची तर बोटांच्या पुढे चांगली लांबवर उमटतात. खाली मात्र उतरायचं नाही, गाडीतूनच.

मधली_सीट:
सगळ्यांचे खूप आभार. अहोंना नीलगायीची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, आता दुपारी चारलाच पोचतोय. मे नक्की, दुर्बीण 8x42. धाकट्याने काल किचनच्या दाराशी फरशीवर पीठ पसरून मांजराला त्यावरून चालवलं आणि खरंच, नखं नाहीत! आता शेजारचा कुत्रा पाहिजे म्हणतोय. पीठ मी झाडतेय.