सावलीची बाजू धरून धावा

दुपारच्या सुट्टीत सोलापुरात धावणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, असं म्हटलं जातं. एप्रिल-मेसाठी अगदी मान्य, तेव्हा पारा ४०च्या पुढे असतो. पण डिसेंबर-जानेवारी वाया घालवू नका. आपल्याकडे सूर्य सगळ्यात वर येतो तो साधारण साडेबाराला, म्हणजे नेमका डब्याच्या वेळेला. मात्र डिसेंबरात तो दक्षिणेला कललेला, जेमतेम ४९ अंशांवर असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्याच्या दक्षिण कडेने इमारतींची बऱ्यापैकी रुंद सावली मिळते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोच थेट माथ्यावर येतो, मग कुठल्याच भिंतीचा आडोसा उरत नाही.

माझं ऑफिस सोलापुरातच, सात रस्ता चौकाजवळ. हिवाळ्यात २० मिनिटांत ३ किलोमीटर आरामात होतात. भाकरी-शेंगाचटणी परत आल्यावरच, आधी खाल्लं तर पोटात कळ येतेच. आणि शेवटची ५ मिनिटं चालायचं, हे फार महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात मी तसाच येऊन शर्ट बदलायचो आणि तोही १० मिनिटांत घामाने भिजायचा. आता चालून, ओल्या टॉवेलने मान-पाठ पुसून मगच बदलतो.