लिंगटीचा बर्फ सुटायला लागलाय, चढाई करावी का?

कडेलोट: मार्चात आम्ही पुण्याचे तिघं हिमाचलातल्या स्पितीत जातोय, लिंगटीचा गोठलेला धबधबा चढायचाय, पण तिकडचे म्हणतायत दुपारी पाणी ठिबकतंय, मग जावं का नाही?

रानभूत: दुपारचं सोडा हो, रात्री किती गोठतंय ते विचारा. एवढ्या उंचीवर हवा गार असली तरी ऊन भाजतं, त्यामुळे पहाटे चढून ऊन यायच्या आत खाली या. अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) मारल्यावर पोकळ आवाज आला किंवा बर्फामागे पाणी खळखळतंय असं वाटलं तर गुपचूप मागे फिरायचं.

घाटवाट: +१. आइस स्क्रू (दोर अडकवायला बर्फात पिळतात तो) उन्हात तापतो, भोवतीचं वितळून सैल होतो, वर बर्फ थापून झाका. आणि बिलेवाला (खालून दोर सांभाळणारा) लटकत्या बर्फाच्या सुळक्यांखाली नको बाबा, कडेला उभा करा.

कडेलोट: रात्री उणे २ अंश म्हणे

रानभूत: मग चढाई सोडा, स्पितीतल्या काझा गावात थुक्पा (नूडल सूप) खा 😄